रंग ओला आहे

माझं वय तेव्हा बारा होतं आणि तोंड बावन्न वर्षांच्या बाईचं, असं आई म्हणायची. धडधडीत खोटं ऐकूनही ते तोंड आयुष्यात एकदाच गप्प बसलं. ते कसं, तेच सांगते.

आम्ही इंदूरला स्नेहलतागंजात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आई, बाबा आणि मी. बाबा मिलच्या डिझाइन खात्यात होते. साड्यांचे काठ, चादरींच्या किनारी ते चौकटीच्या कागदावर काढायचे, एकेक चौकोन भरत. त्याआधी इथल्याच चित्रकलेच्या शाळेत ते माणसं काढायला शिकले होते. पण कुणी विचारलं की म्हणायचे, "माणसांवर पोट भरत नाही भिया, काठावर भरतं." आणि स्वतःच हसायचे. भिया म्हणजे आमच्याकडचा भैया.

मग एका सकाळी मिलचा भोंगा वाजलाच नाही. पहिल्या दिवाळीपर्यंत जो तो म्हणत होता, "चालू होईल, चालू होईल." दुसऱ्या दिवाळीला कुणी विषयच काढेना. बाबांनी रंगांची पेटी माळ्यावर टाकली आणि स्वतः दारापुढच्या ओटल्यावर बसले. बसले म्हणजे बसलेच. हो, नाही आणि बरं, एवढे तीन शब्द त्यांच्याकडे उरले होते.

आई एका प्रायमरी शाळेत शिकवायची आणि दुपारी चारला घरी यायची. अख्ख्या दिवसातली ती वेळ सगळ्यात वाईट. बायको कामावरून येते आहे आणि नवरा ओटल्यावर बसला आहे, हे समोरच्या चार ओटल्यांवरून चार बायका बघायच्या. बाबा पाय आखडून तिला वाट द्यायचे. ती पदर सावरून आत जायची. दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत. आमच्या घरात भांडण नव्हतं हो. भांडण असतं तर मी तरी मध्ये पडले असते.

मामा नाशिकला होता. त्याचं पत्र आलं: इथल्या शाळेत बाईंची जागा निघते आहे, तू आणि पोर या, त्यांचं काही जमलं की तेही येतील. 'त्यांचं काही जमलं की' म्हणजे काय ते मला बाराव्या वर्षीसुद्धा कळत होतं. आईने चार दिवस पत्र वाचलं, पाचव्या दिवशी बाबांच्या ताटात भाकरी वाढताना सांगून टाकलं, "निकाल लागला की आम्ही नाशिकला जातोय."

बाबा म्हणाले, "बरं."

त्या एका 'बरं'ने आई जेवढी पेटली तेवढी आजवर मी तिला पेटलेलं पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावरच्या दोन्ही पत्र्याच्या पेट्या खाली काढल्या, पुसल्या आणि पुढच्या खोलीत खिडकीशेजारच्या भिंतीला एकावर एक लावून ठेवल्या. मला म्हणाली, "परीक्षा झाली की भरू." त्या पेट्यांकडे बघत मी इतिहासाचा अभ्यास केला आणि त्यातलं आज काहीही आठवत नाही.

त्या वर्षांत इंदूरमध्ये एकीकडे मिला बंद होत होत्या आणि दुसरीकडे कॉलन्या उघडत होत्या. अन्नपूर्णाकडे, राजेंद्र नगरच्या पलीकडे, जिथे काल हरभरा होता तिथे आज चुन्याच्या रेघा. रोज पेपरात एक नवं नगर. असंच एक नगर काढणारे एक शेठ होते. आमच्या शेजारी फोटोकॉपीचं दुकान चालवणारे काका होते, त्यांच्या ओळखीने ते एका रविवारी आमच्याकडे आले. त्यांना साइटवरच्या ऑफिसात लावायला मोठं चित्र हवं होतं, भूमिपूजनाच्या आधी. सोबत त्यांनी कुठल्याशा विलायती मासिकातलं एक पान आणलं होतं. हिरवंगार लॉन, पांढरं घर, दारात मोटार, गोरा नवरा, लालसर केसांची बाई हातात ट्रे घेऊन हसत उभी, दोन मुलं आणि एक कुत्रा, तोही हसणारा.

"ऐसा कुछ, पर अपने हिसाब से," शेठ म्हणाले. "पेंटर साब, पूरा संसार दिखना चाहिए। देखने वाला बोले, वाह, क्या संसार है!"

बाबांना आजवर कुणी पेंटर म्हटलं नव्हतं, डिझाइनवाले बाबूजी म्हणायचे. मला वाटलं, आता ते 'नाही' म्हणतील. ते त्या पानाकडे बघत राहिले आणि 'बरं' म्हणाले.

इथे एक सांगायलाच हवं, नाहीतर पुढची गंमत पुण्याच्या लोकांना कळायची नाही. आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे कपाळाला हात लावतात. आमचं अर्धं वाक्य हिंदीत सुरू होतं आणि मराठीत संपतं, आणि ते कुठे वळलं ते आम्हालाही कळत नाही. पण काही शब्द दोन्हीकडे आहेत आणि दोन्हीकडे वेगळे आहेत. लहानपणी मला वाटायचं, सरकारात मुलांना छड्या मारायला एक वेगळा मंत्री असतो, कारण रेडिओवर 'शिक्षा मंत्री' म्हणायचे. तसाच हा 'संसार'. हिंदीत संसार म्हणजे जग, सगळी दुनिया. आणि आपल्यात? आपल्यात संसार म्हणजे स्टोव्ह, पोळपाट, बरण्या, दोन माणसं आणि त्यांची कटकट. बाबांचं हिंदी शेठपेक्षा चांगलं होतं. तरी तो शब्द त्यांच्या कानात मराठीतच शिरला.

प्लायवूडचे दोन मोठे तक्ते जोडून बोर्ड झाला. घरात तो एकाच भिंतीला मावत होता, खिडकीशेजारच्या. चार विटांवर बोर्ड उभा राहिला आणि मागे पेट्या पार झाकल्या गेल्या.

"अहो, माझ्या पेट्या," आई म्हणाली.

"उजेड इथेच येतो," बाबा म्हणाले. वर्षभरात त्यांनी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

रंगांच्या नळ्या माळ्यावर दगड झाल्या होत्या. बाबांनी ब्लेडने एक चिरली. वरून दगड, आतून लोणी. मी बघतच राहिले. त्यांनी अळशीचं तेल आणलं आणि रंगात असं सढळ हाताने घातलं की आई स्वयंपाकघरातून ओरडली, "एवढं तेल? भजी तळायची आहेत का?"

"सावकाश वाळायला हवं," बाबा म्हणाले.

मग ते मासिकाचं पान हातात घेऊन आईसमोर उभे राहिले. "ही बाई ट्रे घेऊन उभी आहे," ते म्हणाले. "हिला कुणी बसूच देत नाही." आणि थोडं थांबून, "उद्या चारला जरा बसशील?"

"कुठे?"

"खुर्चीवर."

"कशाला?"

"बसायला."

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंची वेताची खुर्ची मागून आणली. चारला आई यायची आणि साडेचारला तिच्याकडे शिकवणीची पोरं, मधली पंधरा मिनिटं बाबांची. आई बसली ती मेथीची जुडी घेऊनच. बाबा म्हणाले, मेथी नको. दुसऱ्या दिवशी ती लसूण घेऊन बसली. लसूण नको. तिसऱ्या दिवशी माझ्या फ्रॉकचं बटण. बाबा म्हणाले, "हात रिकामे ठेव."

"रिकाम्या हातांनी कशी बसू?" आई कडाडली. "कुणी गेलंय का घरात?"

मी फिस्सकन हसले. बाबाही हसले. आई मात्र हसली नाही. तिने दोन्ही हात उचलून त्यांच्याकडे बघितलं, जसे कुणा दुसऱ्याचे हात चुकून आपल्याकडे आले आहेत, आणि मांडीवर ठेवले. पाच मिनिटांनी ते हात हळूहळू सैल झाले. बोटं उघडली. मी आईचे हात असे कधी पाहिलेच नव्हते, झोपेतही तिची मूठ मिटलेली असायची.

"बस्स," बाबा हलकेच म्हणाले. "असंच."

त्यानंतरचे तीन आठवडे मी शाळेतून धावत घरी यायचे. खोटं नाही सांगत, सेव-परमलच्या, म्हणजे शेव-कुरमुऱ्यांच्या, गाडीवर न थांबता. कारण रोज त्या बोर्डवर काहीतरी उगवलेलं असायचं. आधी नुसत्या कोळशाच्या रेघा होत्या, मग राखाडी डाग, आणि एके दिवशी त्या डागातून आईचं पाऊल बाहेर आलं. जोडवं, त्याच्यामागची पांढरी रेघ, टाचेची भेग. शेठच्या मासिकातल्या लॉनसारखं हिरवंगार लॉन, त्यावर वेताची खुर्ची, आणि त्या लॉनवर टेकलेली आमच्या आईची भेगाळलेली टाच. बंगला खोटा, टाच खरी. हा माणूस दीड वर्ष ओटल्यावर बसला होता आणि हे सगळं त्याच्या हातात होतं? आपल्या घरात हे होतं आणि आपण त्याच्यावरून ये-जा करत होतो?

बंगल्याचं दार त्यांनी उघडं काढलं. आत कोच-बिच नव्हता. आत आमचंच घर. स्टोव्ह, त्याच्या टाकीवरचा पोचा, ताटाळ्यातली सहा ताटं, लोणच्याच्या दोन बरण्या, त्यातल्या एकीच्या तोंडाला बांधलेलं माझ्या जुन्या फ्रॉकचं फडकं. ते फडकं मला ओळखू आलं तेव्हा मी ओरडलेच. पायरीवर मी, दप्तर मांडीवर, तोंड उघडं. "तोंड मिटलेलं काढा ना बाबा," मी म्हटलं. "मिटलेलं पाहिलं नाही कधी," ते म्हणाले. बघा, माणूस परत थट्टा करायला लागला होता.

आणि त्या पंधरा मिनिटांत ते दोघं बोलायला लागले. आधी नुसतं, डावीकडे बघ. "डावीकडे काय आहे? तुपाचा डबा." "मग तुपाच्या डब्याकडे बघ." मग आई शाळेतलं सांगायला लागली, हेडमास्तरीणबाईंच्या तऱ्हा, पोरांच्या खोड्या. बाबा ऐकत होते. ऐकत होते म्हणजे तिच्याकडे बघत होते, कारण बघितल्याशिवाय काढणार कसं? वर्षभर जिच्याकडे मान वर केली नाही तिच्या भुवईकडे ते पंधरा-पंधरा मिनिटं बघायचे. आई एकदा लाजली. मी पाहिलं. मी दाराआड होते.

पण पेट्या होत्याच. माझी परीक्षा संपली आणि आई म्हणाली, "अहो, बोर्ड जरा सरकवा. मला भरायला घ्यायचं आहे."

बाबा बोर्डकडे बघत म्हणाले, "रंग ओला आहे."

चार दिवसांनी तिने परत विचारलं. "रंग ओला आहे." मामाचं पत्र आलं, अमुक दिवशी येतो, रात्रीच्या बसने निघू. आईने परत विचारलं. "ओला आहे अजून." इंदूरचा उन्हाळा, बाहेर पापड दोन तासांत वाळून कडक होतात, आणि आमच्या घरात रंग वाळेना. मला तो ओलाच राहायला हवा होता. देवाला नमस्कार करताना मी तेवढंच मागायचे.

शेवटी आईच्या साडीचा काठ राहिला होता. तो त्यांनी दोन दिवस काढला, बारीक कुंचल्याने, एकेक चौकोन असावा तसा. मोतिया रंग, त्यात गडद निळ्या कोयऱ्या, कोयरीच्या पोटात एक छोटं पान. आई वाकून बघत म्हणाली, "ही साडी कुठली? माझ्याकडे असली नाही."

"निघणार होती," बाबा म्हणाले. "कागद तयार होता. मागावर चढायच्या आधीच गेट बंद झालं."

आईने त्या काठाकडे बोट नेलं आणि मागे घेतलं.

शेठ आले ते रविवारी दुपारी, फोटोकॉपीवाल्या काकांना घेऊन. बोर्डसमोर उभे राहिले. "मान गए," ते शेवटी म्हणाले. "फोटो भी ऐसा नहीं आता." माझी छाती फुगली. मग ते पुढे झाले, मागे झाले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "पर पेंटर साब, संसार कहाँ है?"

बाबांना कळेना. "ये क्या है? यही तो है," ते म्हणाले आणि त्यांनी उघड्या दाराकडे बोट दाखवलं. स्टोव्ह, ताटं, बरण्या.

"अरे भिया!" शेठने डोक्याला हात लावला. "मैंने संसार बोला था, संसार! कार, फव्वारा, क्लब, आसमान में हवाई जहाज। दुनिया भर की चीज़ें! आपने तो चूल्हा-चौका रख दिया।"

काका आधी हसले. मग बाबांना कळलं आणि ते लाल झाले. पंचवीस वर्षं मिलमध्ये हिंदी बोललेला माणूस, आणि एका शब्दावर पाय घसरला. मला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. आई आतून पाण्याचा ट्रे घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

शेठ वाईट माणूस नव्हते. ते समजुतीने म्हणाले, "चलो, कार इधर डाल दो, फव्वारा उधर। और आदमी? घर का आदमी कहाँ है? बाई है, बच्ची है, आदमी तो है ही नहीं।"

हे मात्र आमच्याही लक्षात आलं नव्हतं. आईचं डोकं, माझं तोंड, सहा ताटं, सगळं होतं. बाबा नव्हते.

बाबा चित्राकडे बघत म्हणाले, "चार बजे का टाइम है। काम पे गया है।"

आई हातात ट्रे घेऊन चित्रातल्या उघड्या दाराकडे बघत राहिली. शेवटी काकांनी पुढे होऊन ट्रे घेतला. मी आयुष्यात पुष्कळ चित्रं पाहिली त्यानंतर, मोठ्यांची, भारी भारी दालनांत. पण चित्रात नसलेला माणूस एवढा मोठा मी कुठे पाहिला नाही. तीन आठवडे आपण सुखी घर काढतो आहोत असं बाबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना हवं ते सुख एवढंच होतं: चार वाजता बायको बसलेली असावी आणि आपण घरी नसावं.

"इसमें जगह नहीं है शेठ," बाबा म्हणाले. "आपका दूसरा बना देता हूँ। साइट पे आके."

दुसरं त्यांनी तिथेच काढलं, पत्र्यावर, सकाळी सायकलने जाऊन. मोटार, फवारा, विमान आणि कुत्रा, अगदी मासिकातल्यासारखा हसणारा. भूमिपूजनाच्या दिवशी लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेत होते म्हणे. शेठ खूश. त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या कॉलनीवाल्याने लगेच रंगवायला भिंत दिली. ते पत्र्यावरचं चित्र बघायला मी कधीच गेले नाही. आमचं मात्र घरातच राहिलं, चार विटांवर, पेट्यांच्या पुढे.

मामा आला त्या दिवशी दुपारचे चार वाजले होते. आई नुकतीच शाळेतून आली होती आणि ओटला रिकामा होता. समोरच्या चारही बायका रिकाम्या ओटल्याकडे बघत होत्या, त्यांचं काहीतरी हरवल्यासारखं.

"भाऊजी कुठेत?" मामाने घाम पुसत विचारलं.

"कामावर गेलेत," आई म्हणाली. दोनच शब्द, पण ती ते इतक्या सहज बोलली की मी वळून तिच्याकडे बघितलं.

मामाने बोर्ड बघितला, 'वा' म्हणाला. मामा घाईचा माणूस, त्याला बसची काळजी. "पेट्या कुठे? अजून भरल्या नाहीत? मागे आहेत होय. थांब, मी सरकवतो हे." आणि त्याने बाह्या सारून बोर्डच्या कडेला हात घातला.

मी बोर्डला टेकूनच उभी होते. माझा तळहात लॉनवर होता. लॉन खडखडीत कोरडं होतं. आठ दिवसांपासून कोरडं होतं, मी रोज बोट लावून बघत होते आणि रोज रात्री देवाशी भांडत होते. आणि आईनेही लावून बघितलं होतं, हे मला आत्ता कळलं. कारण काठाच्या कोयरीवर, खालच्या बाजूला, बोटाचा एक पुसट पांढरा ठसा होता, शाळेतल्या खडूचा.

"दादा, थांब," आई म्हणाली. "हात लावू नकोस. रंग ओला आहे."

माझं तोंड उघडलं. आईने माझ्याकडे बघितलं. ते मिटलं.

मामाने चटकन हात मागे घेतला आणि बोटं रुमालाला पुसली. रुमाल पांढराशुभ्र राहिला. त्याने रुमालाकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग चित्रातल्या आईकडे. रुमालाची घडी घालून त्याने खिशात ठेवली.

"किती दिवस लागतील वाळायला?" त्याने विचारलं.

"तेलाचा रंग आहे," आई म्हणाली. "सांगता येत नाही."

घरमालकीणबाईंची वेताची खुर्ची अजून परत दिली नव्हती. आई तिच्यात बसली. हात मांडीवर ठेवले, रिकामे, आणि मला म्हणाली, "चहा तू टाक गं. मामाला साखर कमी."